कर्करोग आणि प्रथिनांची साक्ष

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित आरोग्यविषयक व्याख्यानाची संहिता)



लोणावळ्याच्या बाजारपेठेत, वडगावात किंवा तळेगावात, सुस्थित घरांतून अलीकडे एक कागद हमखास आढळतो. तो असतो सर्वांगीण आरोग्य तपासणीचा अहवाल. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड या परिचित नावांच्या रांगेत शेवटी दोन-तीन अपरिचित नावे असतात : सीईए, सीए-१२५, पीएसए. सकाळी घरी येऊन रक्त घेतले जाते, ते पुण्याच्या किंवा मुंबईच्या प्रयोगशाळेकडे रवाना होते आणि रात्री मोबाईलवर आकडा येतो. तो आकडा ठळक अक्षरांत असला की त्या रात्री घरात कोणाला झोप लागत नाही. याच्या उलट प्रकार अधिक घातक आहे. आकडा मर्यादेत आहे, म्हणजे कर्करोग नाही, अशी समजूत करून घेऊन स्तनात हाताला लागणारी गाठ महिनोन्महिने अंगावर काढली जाते. पहिल्या घरात भीती विनाकारण शिरली, दुसऱ्या घरात निश्चिंती विनाकारण आली. दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे : रक्तातील प्रथिनाचा आकडा हा न्यायाधीशाचा निकाल आहे असे मानणे. वस्तुतः तो केवळ साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला कोणता प्रश्न विचारला यावर त्याच्या साक्षीचे मोल ठरते.

या साक्षीदारांपैकी सर्वांत जुना कोण, हे पाहणे उद्बोधक आहे. १८४५ साली लंडनमधील सुमारे ४५ वर्षांचा एक प्रतिष्ठित व्यापारी छातीतील आणि बरगड्यांतील असह्य वेदनांनी अंथरुणाला खिळला होता. त्याची लघवी तपासताना डॉ. विल्यम मॅकिंटायर यांना काही विलक्षण दिसले. प्रथिन तापवले की ते साकळते आणि तसेच राहते, हे अंडे उकडणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. येथे मात्र साकळलेले प्रथिन उकळी आणताच विरघळून जाई आणि द्रव निवल्यावर पुन्हा दिसू लागे. नमुना हेन्री बेन्स जोन्स या रसायनज्ञ वैद्याकडे पाठविण्यात आला. सोबतच्या चिठ्ठीत एकच प्रश्न होता : हे काय आहे? उत्तर मिळण्यापूर्वीच, १ जानेवारी १८४६ रोजी, रुग्णाचा अंत झाला. बेन्स जोन्स यांचा निबंध १८४८ साली प्रसिद्ध झाला आणि ते प्रथिन त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. अस्थिमज्जेतील एका प्रकारच्या पेशी बेसुमार वाढल्या की त्या प्रतिपिंडाचा एक तुकडा अमर्याद तयार करतात, आणि तोच मूत्रावाटे बाहेर पडतो, हे रहस्य उलगडायला १९६२ साल उजाडावे लागले. या रोगाला मल्टिपल मायलोमा म्हणतात. आजही त्याचे निदान आणि उपचारांचा परिणाम ठरविताना याच प्रथिनाचे मोजमाप केले जाते. पावणेदोनशे वर्षे टिकलेली अशी साक्ष वैद्यकात विरळा.

पुढील काळात साक्षीदारांची संख्या वाढत गेली. १९६३ साली मॉस्कोतील गॅरी अबेलेव्ह यांनी यकृताच्या अर्बुदाशी संबंधित अल्फा-फीटोप्रोटीन शोधले. १९६५ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सीईए सापडले. ही दोन्ही प्रथिने गर्भावस्थेत विपुल असतात आणि जन्मानंतर जवळजवळ लोप पावतात; अर्बुदाची पेशी जणू आपले बालपण आठवून ती पुन्हा तयार करू लागते. १९८१ साली रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीजकोशाच्या कर्करोगासंबंधी सीए-१२५ ची ओळख करून दिली. प्रत्येक शोधाच्या वेळी हीच आशा बाळगली गेली की आता रक्ताच्या थेंबावरून रोग उमलण्याआधीच पकडता येईल. ती आशा कोठे फसली, हे सीए-१२५ च्या उदाहरणावरून पाहू.

या प्रथिनाची सर्वसाधारण मर्यादा ३५ एकक मानली जाते. परंतु ते केवळ कर्करोगाची पेशी तयार करत नाही. पोटाच्या पोकळीचे अस्तर, गर्भाशयाचे अस्तर यांना दाह झाला की तेही ते सोडतात. मासिक पाळी, गर्भारपण, एंडोमेट्रिओसिस, गर्भाशयातील फायब्रॉइड, यकृताचा सिरॉसिस यांपैकी कशानेही आकडा चढतो. आपल्या देशात यात पोटाच्या क्षयाची भर पडते. पोटात पाणी, वजनात घट आणि सीए-१२५ काही शेकड्यांत, असे चित्र पाहून बीजकोशाचा कर्करोग समजला जावा, आणि तुकडा तपासल्यावर तो क्षय निघावा, असे भारतीय रुग्णालयांतून वारंवार घडत आले आहे. क्षय औषधांनी बरा होतो. केवळ आकड्यावर विसंबून घरच्यांनी आशा सोडली तर काय गमावले जाईल, याचा विचार करावा.

आता थोडे गणित. व्यापारी समाजाला ते जड जाणार नाही. रजोनिवृत्ती झालेल्या १०,००० स्त्रियांपैकी सुमारे ४ जणींना बीजकोशाचा कर्करोग आहे असे धरू. चाचणी त्यांतील तिघींना ओळखते आणि निरोगी स्त्रियांपैकी शेकडा केवळ दोघींच्या बाबतीत चुकते असेही धरू. ऐकायला ही चाचणी उत्तम वाटते. परंतु ९,९९६ निरोगी स्त्रियांच्या शेकडा दोन म्हणजे जवळपास २००. एकूण २०३ घरांत ठळक आकडा पोहोचला आणि त्यांपैकी खरा रोग तीन घरांत. उरलेल्या २०० जणींच्या वाट्याला सोनोग्राफी, स्कॅन, काहींच्या वाट्याला शस्त्रक्रियासुद्धा. दोष चाचणीचा नाही. विरळ रोग सरसकट सर्वांत शोधायला निघाले की कोणत्याही चाचणीचे असेच होते. ब्रिटनमध्ये २००१ ते २००५ या काळात २,०२,६३८ स्त्रियांना सहभागी करून घेऊन याची कसोटी पाहिली गेली. एका गटात दरवर्षी सीए-१२५ चा चढ-उतार पाहून गरजेप्रमाणे सोनोग्राफी, दुसऱ्यात दरवर्षी केवळ सोनोग्राफी, तिसऱ्यात काहीच नाही. सोळा वर्षांहून अधिक पाठपुराव्यानंतर २०२१ साली निष्कर्ष आला : सीए-१२५ च्या गटात रोग काहीसा लवकर सापडला, परंतु मृत्यू कमी झाले नाहीत. एवढा प्रदीर्घ प्रयत्न करून मिळालेले नकारार्थी उत्तर प्रामाणिकपणे जाहीर करणे, हीही विज्ञानाची एक तपश्चर्याच म्हटली पाहिजे.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ साली 'डायलेक्टिका' या तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकात लेख लिहून जैन दर्शनातील स्याद्वाद आणि आधुनिक संभाव्यताशास्त्र यांतील नात्याचा विचार मांडला. १९५७ साली जे. बी. एस. हॉल्डेन यांनीही 'सांख्य' या नियतकालिकात सप्तभंगीवर लिहिले. 'स्यात्' म्हणजे संशय नव्हे, तर 'अमुक अपेक्षेने'. सीए-१२५ चा ८० हा आकडा पाळी सुरू असलेल्या तिशीतील स्त्रीच्या अपेक्षेने एक अर्थ सांगतो, साठीतील आणि पोट फुगलेल्या स्त्रीच्या अपेक्षेने दुसरा, आणि शस्त्रक्रिया होऊन सहा महिने झालेल्या रुग्णाच्या अपेक्षेने तिसरा.

या तिसऱ्या प्रसंगात ही प्रथिने खरोखर उपयोगी पडतात. एका दिवसाच्या पावसाच्या आकड्यावरून लोणावळ्यात कोणी पावसाळ्याचा अंदाज बांधत नाही. भुशीच्या पायऱ्यांवरून पाणी कधी वाहू लागले आणि कधी ओसरले, हे पाहिले जाते. तद्वत आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर सीईए खाली आले आणि वर्षभराने पायरी पायरीने चढू लागले, तर तो चढ रोग परतल्याची वर्दी ठरू शकतो. अर्थात त्यासाठी मोजमाप शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने व्हावे लागते. निरनिराळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. धूम्रपान करणाऱ्यांत सीईए मुळातच थोडे अधिक असते. पीएसए प्रोस्टेटच्या साध्या वाढीने किंवा संसर्गानेही चढते. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या तर काही चाचण्यांचे यंत्रच फसवतात. रक्त देण्यापूर्वी त्या घेत असल्याचे सांगितले पाहिजे.

आतापर्यंत रक्तातील प्रथिनांचा विचार झाला. परंतु रोग पुढे कोणती चाल करील, हे अधिक खात्रीने सांगणारी प्रथिने गाठीतच असतात. स्तनाच्या कर्करोगात गाठीचा तुकडा काढल्यावर त्यावर विशिष्ट रंगक्रिया करून तीन प्रथिने पाहिली जातात : इस्ट्रोजेनचे ग्राहक, प्रोजेस्टेरॉनचे ग्राहक आणि हर-टू. पहिली दोन असली तर संप्रेरकविरोधी गोळ्या उपयोगी पडतात. हर-टूची कथा मात्र निराळी आहे. १९८७ साली अमेरिकेतील डेनिस स्लॅमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की ज्या गाठींत या प्रथिनाच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात, त्या वेगाने पसरतात. शंभरातील पंधरा ते वीस स्तनकर्करोग या प्रकारचे असतात. त्या काळी ही केवळ अशुभ वार्ता होती. परंतु जे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर दाटीने उभे आहे, तेच लक्ष्य का करू नये, या विचारातून ट्रास्टुझुमॅब हे औषध घडले आणि १९९८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. वाईट भाकित सांगणारी खूणच उपचाराची जागा दाखवू लागली. औषध अतिशय महाग होते. २०१४ साली भारतात बनलेली त्याची समतुल्य आवृत्ती बाजारात आली आणि ते अधिक कुटुंबांच्या आवाक्यात येऊ लागले.

रोगाची गती सांगणारे आणखी एक प्रथिन म्हणजे केआय-६७. जर्मनीतील कील या शहरात त्याचा शोध लागला, म्हणून ते नाव. विभाजित होत असलेल्या पेशींतच ते दिसते, त्यामुळे शंभरातील किती पेशी कामाला लागल्या आहेत याचा अंदाज येतो. अशा काही प्रथिनांची सांगड घालून रोग परतण्याची जोखीम वर्तविणारी एक भारतीय चाचणीही आहे. बंगळुरूच्या ऑन्कोस्टेम डायग्नॉस्टिक्स या संस्थेत डॉ. मंजिरी बाक्रे यांच्या नेतृत्वाखाली ती विकसित झाली. तिचे नाव कॅनअसिस्ट ब्रेस्ट. सीडी-४४, एन-कॅडहेरिन, पॅन-कॅडहेरिन, एबीसीसी-४ आणि एबीसीसी-११ या पाच दर्शकांची नोंद, शिवाय गाठीचा आकार, श्रेणी आणि काखेतील ग्रंथींची स्थिती, यांवरून पाच वर्षांत रोग दूरच्या अवयवांत परतण्याची जोखीम काढली जाते. संप्रेरकग्राही आणि हर-टू नसलेल्या प्रारंभिक रोगापुरतीच ती आहे. जोखीम कमी निघाली तर काही स्त्रियांना केमोथेरपी टाळता येते. केस, कमाई आणि घरातील मुलांचे जेवणखाण, सारेच वाचते.

मग धोका आधीच ओळखण्याचे काय? पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या आणि हुजूरपागेत शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांवर प्रयोग करून आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा स्तनाच्या अर्बुदाशी असलेला संबंध अभ्यासला. त्या काळी हा विचार धाडसाचा होता. आज बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके ज्ञात आहेत. त्यांची प्रथिने पेशीतील तुटलेला डीएनए दुरुस्त करतात. जन्मतःच जनुक सदोष असेल तर स्तन आणि बीजकोश यांच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ वाढतो. आई, मावशी, आत्या, बहीण अशा अनेकींना लहान वयात हे रोग झाले असतील, तर जनुकीय सल्ला घ्यावा. मुलीच्या लग्नाच्या काळजीने कुटुंबे हा इतिहास दडवतात, आणि जिला तो सर्वाधिक उपयोगी पडला असता तिलाच तो कळत नाही.

विषाणूंच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट पुरावा गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मिळाला. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूची ई-६ आणि ई-७ ही दोन प्रथिने पेशीतील दोन पहारेकरी, पी-५३ आणि आरबी, यांना निकामी करतात. पहारा उठला की पेशी बेबंद होते. महाराष्ट्रात याबाबत जे कार्य झाले त्याचा अभिमान बाळगावा असे ते आहे. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहभागाने ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, आयुष्यात केवळ एकदा विषाणूची चाचणी ज्या गटाला देऊ केली गेली, त्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले. नेहमीच्याच सेवेवर असलेल्या तुलनेच्या गटात ६४. खेड्यातील स्त्रिया, एकच तपासणी आणि मृत्यू जवळजवळ निम्मे! आंदर मावळातील किंवा नाणे मावळातील स्त्री धाराशिवच्या स्त्रीहून निराळी नाही. तिला पन्नास नावांचे पॅकेज नको, ही एक तपासणी हवी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने याच विषाणूच्या बाह्य कवचातील प्रथिनापासून सर्व्हाव्हॅक ही लस तयार केली असून २०२३ पासून ती उपलब्ध आहे. मुलींना ती किशोरवयात देणे हितकर.

मुंबईच्या वस्त्यांतून १९९८ पासून झालेल्या टाटा रुग्णालयाच्या दुसऱ्या अभ्यासात प्रशिक्षित महिला आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी स्तनतपासणी केली. १,५१,५३८ स्त्रियांच्या या अभ्यासाचा निष्कर्ष २०२१ साली आला : पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्के घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र तसा लाभ दिसला नाही. तोंडाच्या कर्करोगासाठी तर टॉर्च आणि अनुभवी डोळा पुरे. मावळातील घरांतून अजूनही मिश्री लावणाऱ्या आजी आहेत, आणि गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी गालात सुपारी-तंबाखू धरणारे तरुण आहेत. तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, तोंड उघडायला होणारा त्रास, यांची साक्ष कोणत्याही प्रथिनाहून आधी मिळते. तीस वर्षांपुढील व्यक्तींसाठी मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्हींची तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांच्या कार्यक्रमात समाविष्ट आहे. ट्रस्टच्या आरोग्य शिबिरांत रक्ताच्या मार्करवर खर्च होणारा पैसा याकडे वळविला तर त्याचे चीज होईल, असे सुचवावेसे वाटते.

राहिला एक व्यावहारिक, परंतु अत्यंत महत्त्वाचा मुद्दा. आपल्या गावी बायोप्सी होते आणि तुकडा दूरच्या प्रयोगशाळेत जातो. वाटेत तो कशात ठेवला जातो, हे कोणी विचारत नाही. तुकडा तत्काळ, त्याच्या साधारण दहापट फॉर्मॅलिनमध्ये बुडवावा लागतो. साध्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये राहिला, किंवा सुट्टीच्या दिवसांत तसाच पडून राहिला, तर प्रथिने नष्ट होऊ लागतात. मग ग्राहक प्रथिन असूनही अहवालात 'नाही' असे येते, आणि स्वस्त गोळीने ज्या स्त्रीला वर्षानुवर्षे लाभ झाला असता ती त्या गोळीला मुकते. म्हणून नातेवाइकांनी डॉक्टरांना नम्रपणे विचारावे : तुकडा फॉर्मॅलिनमध्ये किती वाजता टाकला, ती वेळ चिठ्ठीवर लिहिली आहे का?

प्रयोगशाळेत तो तुकडा मेणात बसवून त्याचा छोटा ठोकळा केला जातो. त्याला ब्लॉक म्हणतात. हा ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतो आणि नव्या चाचण्या त्यावरच होतात. लोणावळ्याहून पहाटेच्या गाडीने दादर आणि तेथून परळला टाटा रुग्णालयात जाणारी कुटुंबे स्कॅनच्या फिल्म्सची जाड पिशवी सांभाळून नेतात, परंतु ब्लॉक आणि स्लाइड्स मागे राहतात. मग कोणीतरी परत येते, दोन दिवस जातात. ब्लॉक रुग्णाच्या नावे मागून घेता येतो. तो देताना प्रयोगशाळा नोंदवहीत सही घेते. त्याचा क्रमांक अहवालावरील क्रमांकाशी जुळतो की नाही, हे तेथेच पडताळून घ्यावे आणि डबी उन्हात किंवा गाडीच्या तापलेल्या डॅशबोर्डवर ठेवू नये.